महाराष्ट्रातील कुष्ठरोग आणि कुटुंब : आधारव्यवस्थेचा ऐतिहासिक अभ्यास (१८९० ते २०१९)

सारांश :
कुष्ठरोगाच्या इतिहासाचे लेखन बहुधा रोग, औषध आणि थोर समाजसेवक या तीन अंगांनी झालेले आहे. रुग्णाचे कुटुंब मात्र या लेखनात दुय्यम राहिले. कुष्ठरोगाने ग्रासलेल्या व्यक्तीची आणि तिच्या कुटुंबाची जबाबदारी कोणी घ्यावी, या प्रश्नाला महाराष्ट्रात निरनिराळ्या काळात निरनिराळी उत्तरे दिली गेली. धर्मशास्त्र, वसाहतकालीन कायदा, कुष्ठाश्रम, श्रमाधिष्ठित वसाहत, घरोघरी उपचार आणि कायदेसुधारणा या क्रमाने त्या उत्तरांचा मागोवा प्रस्तुत शोधनिबंधात घेण्यात आला आहे.

बीजसंज्ञा : कुष्ठरोग, कुटुंब, भरणपोषण, दत्तपूर, तपोवन, आनंदवन, पुनर्वसन, कायदेसुधारणा.

प्रस्तावना :
दीर्घ आजार किंवा अपंगत्व हे एकट्या व्यक्तीवरील संकट नसते. कमावता हात थांबतो, घरातील दुसरा माणूस शुश्रूषेत गुंततो, मुलींच्या विवाहात अडचणी येतात आणि घराचे गावाशी असलेले व्यवहार बदलतात. कुष्ठरोगाच्या बाबतीत या संकटाला सामाजिक कलंकाची जोड मिळाली. हा रोग पूर्वजन्मीच्या पापाचे फळ आहे, तो वंशपरंपरेने येतो, त्याच्या स्पर्शाने तत्काळ बाधा होते, असे समज समाजात खोलवर रुजलेले होते. नॉर्वेतील वैद्य हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये या रोगाचे जंतू शोधून काढले. त्यामुळे आनुवंशिकतेच्या समजाला शास्त्रीय आधार उरला नाही; तथापि संसर्गाची भीती मात्र अधिक वाढली. पापाचा शिक्का कायम राहिला आणि त्यात जंतूच्या भयाची भर पडली. अशा स्थितीत कुटुंबापुढे दोनच मार्ग उरत. एक म्हणजे रोग लपवून ठेवणे आणि दुसरा म्हणजे रुग्णाला घराबाहेर काढणे. पहिल्या मार्गात उपचाराला विलंब होऊन हातापायांत विकृती येई, तर दुसऱ्या मार्गात रुग्ण भिकेला लागे. या दोहोंखेरीज तिसरा मार्ग निर्माण करण्याचा प्रयत्न कोणी, केव्हा व कशा रीतीने केला, हे पाहणे हे या निबंधाचे प्रमुख उद्दिष्ट आहे.

परंपरेतील तरतूद : वाटा नाही, पण पोषण आहे
महाराष्ट्रात प्रमाण मानल्या गेलेल्या याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा टीकेच्या परंपरेत, असाध्य रोगाने पीडित व्यक्तीला वडिलोपार्जित संपत्तीत वाटा नाकारलेला आहे. आंधळे, पांगळे आणि मतिमंद यांचाही समावेश याच वर्गात होतो. मात्र याच ठिकाणी आणखी एक तरतूद आहे, तिच्याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. ज्यांना वाटा नाही त्यांचे भरणपोषण करणे हे कुटुंबाचे कर्तव्य मानले आहे. त्यांचे पुत्र निर्दोष असल्यास त्यांना वाटा मिळतो आणि मुलींचा सांभाळ विवाहापर्यंत करावा लागतो. म्हणजे शास्त्राने रुग्णाला मालक म्हणून नाकारले, तरी कुटुंबाचा घटक म्हणून पूर्णतः नाकारले नाही.

ब्रिटिश न्यायालयांनी ही तरतूद लागू करताना कुष्ठरोगाच्या सर्वच रुग्णांना अपात्र न ठरवता केवळ तीव्र, व्रणयुक्त स्वरूपाचा रोग झालेल्यांपुरतीच अपात्रता मर्यादित ठेवली. पुढे १९२८ मध्ये हिंदू वारसा (अपात्रता निवारण) कायदा झाला आणि जन्मतः वेड किंवा जडबुद्धी वगळता शारीरिक व्याधींमुळे येणारी अपात्रता दूर झाली. कागदावर रुग्णाला वाटा मिळाला. परंतु जो रुग्ण गाव सोडून दूरच्या तीर्थक्षेत्री भिक्षा मागत बसला होता, तो हा वाटा मागण्यासाठी परत येणार कसा, या प्रश्नाचे उत्तर कायद्यात नव्हते. कलंकाच्या भयाने पोषणाचे जुने कर्तव्य सैल झाले होते आणि मिळालेला नवा हक्क बजावण्याचे बळ रुग्णाजवळ नव्हते.

वसाहतकालीन कायदा आणि बेघर रुग्ण :
१८८९ मध्ये मोलोकाई बेटावर कुष्ठरुग्णांची सेवा करणारे फादर डेमियन यांचा त्याच रोगाने मृत्यू झाला. या घटनेचे पडसाद इंग्लंडमध्ये उमटले आणि १८९०-९१ मध्ये भारतात कुष्ठरोग आयोग पाठविण्यात आला. आयोगाने रोगाचा संसर्ग फारसा तीव्र नसल्याचा अभिप्राय दिला व सक्तीच्या सरसकट विलगीकरणाचा पुरस्कार केला नाही. तरीही शहरांतील रस्त्यांवर दिसणारे रुग्ण ही प्रशासनाला अडचण वाटत होती.

मुंबईचे महापालिका आयुक्त हॅरी अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये माटुंगा येथे बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान सुरू झाले. त्यासाठी नागरिकांकडून वर्गणी जमविण्यात आली. मराठी वाचकांना अ‍ॅकवर्थ हे नाव वेगळ्या कारणानेही परिचित आहे. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या सहकार्याने १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेला ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह त्यांच्याच प्रयत्नाने सिद्ध झाला. माटुंग्याची ही संस्था पुढे वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय म्हणून ओळखली जाऊ लागली. संस्थेच्या नावातील ‘बेघर’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. ज्याला घर होते तो रुग्ण या योजनेच्या कक्षेत नव्हता.

हीच भूमिका १८९८ च्या कुष्ठरोगी कायद्यात अधिक स्पष्ट झाली. या कायद्याने ‘निर्धन कुष्ठरोगी’ अशी एक कोटी निर्माण केली. उघडपणे भिक्षा मागणारा किंवा निर्वाहाचे दृश्य साधन नसताना फिरणारा रुग्ण या कोटीत येई. अशा व्यक्तीला विनावॉरंट अटक करून वैद्यकीय तपासणीनंतर कुष्ठालयात पाठविता येत असे. मात्र एखादा नातेवाईक किंवा स्नेही रुग्णाची नीट काळजी घेण्याची व त्याला भीक मागू न देण्याची लेखी हमी देण्यास तयार असेल, तर दंडाधिकारी रुग्णाला त्याच्या स्वाधीन करू शकत असे. आवश्यक वाटल्यास जामीनही घेत असे. वरकरणी ही तरतूद उदार दिसते. परंतु हमी देणाऱ्या कुटुंबाला औषध, धान्य वा पैसा यांपैकी काहीही देण्याची तजवीज कायद्यात नव्हती. मदत न देता कुटुंबाकडून केवळ हमी घेणे, हे या काळातील शासकीय धोरणाचे सूत्र होते. ज्या घरात रोजच्या अन्नाची भ्रांत होती, त्या घरातील माणूस अशी हमी देण्यास पुढे येणे कठीणच होते.

मिशनरी संस्थांनी याच काळात रुग्णांना निवारा, मलमपट्टी आणि अन्न दिले. या सेवेचे मोल निर्विवाद आहे. तथापि तेथे स्त्री व पुरुष रुग्णांना स्वतंत्र ठेवण्याची आणि रुग्णांच्या निरोगी मुलांना आईवडिलांपासून दूर वेगळ्या वसतिगृहात वाढविण्याची पद्धत रूढ होती. मुलांचा रोगापासून बचाव हा त्यामागील हेतू होता. परिणामी ज्या कुटुंबाला समाजाने तोडले होते, ते आश्रयस्थानातही पुन्हा जोडले जात नव्हते.

दत्तपूर, सेवाग्राम आणि तपोवन :
विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात या कार्याला वेगळे वळण मिळाले. विनोबा भावे यांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठसेवेचे कार्य आरंभिले. धर्मप्रसाराशी संबंध नसलेल्या, भारतीय कार्यकर्त्यांनी चालविलेल्या आरंभीच्या संस्थांमध्ये दत्तपूरचे स्थान अग्रभागी आहे. शेती, सूतकताई आणि स्वावलंबन यांवर तेथे भर होता. दिवाण यांच्या कार्याचा उल्लेख महात्मा गांधींनी विधायक कार्यक्रमाच्या १९४५ च्या सुधारित आवृत्तीत केला. या आवृत्तीत कुष्ठरुग्णांची सेवा हा स्वतंत्र विषय म्हणून समाविष्ट झाला होता.

सेवाग्राममधील परचुरे शास्त्री यांचे उदाहरण या संदर्भात अभ्यासण्यासारखे आहे. संस्कृतचे विद्वान असलेले परचुरे शास्त्री येरवडा कारागृहापासून गांधीजींच्या परिचयाचे होते. कुष्ठरोग बळावल्यावर ते १९३९ मध्ये सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांना आश्रमाच्या आवारात कुटी दिली आणि स्वतः त्यांच्या अंगाला मालिश केले. पुढे ते दत्तपूरला राहिले व १९४५ मध्ये त्यांचे निधन झाले. या प्रसंगाकडे बहुधा गांधीजींच्या करुणेचे दर्शन म्हणून पाहिले जाते. इतिहासाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. रुग्णाला वस्तीबाहेर न ठेवता निरोगी माणसांच्या सहवासात, विद्वान म्हणून मान राखून ठेवता येते, हे त्यातून प्रत्यक्ष सिद्ध झाले.

अमरावतीत डॉ. शिवाजीराव ऊर्फ दाजीसाहेब पटवर्धन यांनी १९४६ मध्ये विदर्भ महारोगी सेवा मंडळाची स्थापना केली. त्यांची ‘तपोवन’ ही वसाहत शेती व उद्योगशाळा यांच्या आधारे उभी राहिली. स्वातंत्र्यचळवळीत भाग घेतलेल्या या वैद्यांना १९५९ मध्ये पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. वर्धा, अमरावती आणि लगेचच चांदा अशा तीन जिल्ह्यांत एका दीड दशकाच्या अवधीत अशा संस्था उभ्या राहाव्यात, हा योगायोग नव्हे. या भागातील रोगाचे मोठे प्रमाण आणि वर्धा-सेवाग्राम परिसरातील विधायक कार्यकर्त्यांचे जाळे या दोन्ही गोष्टी त्यामागे होत्या.

आनंदवन : पर्यायी कुटुंबाची उभारणी
वरोरा येथील वकील मुरलीधर देविदास ऊर्फ बाबा आमटे (१९१४-२००८) यांनी महारोगी सेवा समितीची स्थापना १९४९ मध्ये केली. कोलकाता येथील उष्णकटिबंधीय रोगांच्या शाळेत त्यांनी कुष्ठोपचाराचे शिक्षण घेतले. १९५१ मध्ये विनोबांच्या उपस्थितीत आनंदवनाचा आरंभ झाला. सहा रुग्ण, चौदा रुपये आणि एक लंगडी गाय एवढेच आरंभीचे भांडवल होते. मिळालेली जमीन खडकाळ होती आणि पहिले काम विहीर खोदण्याचे होते.

आनंदवनाच्या आरंभीच्या वर्षांतील एक घटना समाजाच्या भूमिकेवर प्रकाश टाकते. रुग्णांनी पिकविलेली भाजी वरोऱ्याच्या बाजारात कोणी घेत नसे. पुढे १९५० च्या दशकात आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संघटनेचे परदेशी तरुण आनंदवनात इमारती बांधण्यासाठी येऊन राहिले. ते रुग्णांच्या हातचे अन्न खात असल्याचे गावाने पाहिले आणि हळूहळू भाजीला गिऱ्हाईक मिळू लागले. वैद्यकीय माहितीने जे साधले नाही ते प्रत्यक्ष सहवासाने साधले. मात्र त्यासाठी परक्या देशातील तरुणांचे उदाहरण लागावे, ही बाब अंतर्मुख करणारी आहे.

१९६४ मध्ये महारोगी सेवा समितीने आनंद निकेतन महाविद्यालय सुरू केले. ज्यांच्या मुलांना गावच्या शाळेत प्रवेश मिळणे दुरापास्त होते, त्यांच्या श्रमातून परिसरातील निरोगी घरांतील मुलामुलींना उच्च शिक्षण मिळू लागले. घेणारा आणि देणारा यांची अदलाबदल झाली. दातृत्वाच्या इतिहासात ही घटना महत्त्वाची मानली पाहिजे. पुढे अंध, मूकबधिर आणि अस्थिव्यंग असणाऱ्यांसाठीही शिक्षणाची व व्यवसायप्रशिक्षणाची सोय तेथे झाली. १९६७ मध्ये मूलजवळ सोमनाथ प्रकल्प सुरू झाला. कुष्ठमुक्त व्यक्तींनी तेथे शेतीचा विस्तार केला.

आनंदवनात बरे झालेल्या स्त्रीपुरुषांचे विवाह होऊ लागले आणि संसार थाटले गेले. कुष्ठालयातील विभक्त राहणीच्या तुलनेत हा मूलगामी बदल होता. या कार्यात साधनाताई आमटे यांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या ‘समिधा’ या आत्मकथनातून स्वयंपाक, गोठा, आजारपण आणि मुलांचे संगोपन यांचा अखंड भार समजून येतो. संस्थांच्या इतिहासात भूमिपूजने व पुरस्कार यांच्या नोंदी सहज सापडतात. रोजच्या शुश्रूषेच्या आणि चुलीच्या कामाची नोंद क्वचितच होते. आधारव्यवस्थेचा इतिहास लिहिताना ही उणीव दूर करणे आवश्यक आहे.

आनंदवनाने रुग्णाला नवे कुटुंब दिले. परंतु जुन्या कुटुंबाचा प्रश्न त्यामुळे सुटला नाही. अनेक कुष्ठमुक्त व्यक्तींसाठी वसाहत हेच कायमचे घर ठरले, कारण रोग बरा झाल्यानंतरही मूळ गाव त्यांना स्वीकारण्यास तयार नव्हते. वसाहतीचे यश आणि गावाचे अपयश या एकाच वस्तुस्थितीच्या दोन बाजू आहेत.

घरातच उपचार : वर्ध्याचा प्रयोग
१९४० च्या दशकात डॅप्सोन या औषधाचा उपयोग सुरू झाल्यावर रुग्णाला संस्थेत ठेवण्याची वैद्यकीय गरज कमी झाली. १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले. त्याचे संचालक डॉ. रा. वि. वारदेकर यांच्या नेतृत्वाखाली सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी त्रिसूत्री विकसित झाली. कार्यकर्त्याने गावातील प्रत्येक घरी जावे, त्वचेवरील बधिर चट्टा लवकर ओळखावा, घरातील माणसांना रोगाची माहिती द्यावी आणि रुग्णाला गावातच औषध द्यावे, असे तिचे स्वरूप होते. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने हीच पद्धत स्वीकारली.

कुटुंबाच्या दृष्टीने हा बदल मूलभूत होता. रुग्णाला घरातून हलविण्याऐवजी सेवा घरापर्यंत जाऊ लागली. बधिर पायाला काटा टोचला तरी कळत नाही, गरम भांड्याचा चटका जाणवत नाही आणि त्यातून जखमा चिघळतात, ही गोष्ट कुटुंबाला समजावून देणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे काम होते. पाय रोज पाण्यात भिजवून तपासणे, तेल लावणे आणि मऊ रबराची पादत्राणे वापरणे हे उपाय घरातील माणसांच्या मदतीनेच होऊ शकतात. तथापि डॅप्सोनचा उपचार वर्षानुवर्षे चाले व पुढे त्याला न जुमानणारे जंतूही आढळू लागले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. या उपचारपद्धतीचा आरंभ देशात ज्या जिल्ह्यांत प्रथम झाला, त्यांत वर्धा जिल्ह्याचा समावेश होता. १९८३ पासून कार्यक्रमाचे नाव राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम असे झाले. रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होऊ लागला.

आर्थिक आधाराच्या बाबतीत, महाराष्ट्र शासनाने १९८० मध्ये सुरू केलेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कुष्ठरोगासारख्या दुर्धर आजाराने पीडित व्यक्तींचाही समावेश झाला. १८९८ च्या कायद्याने कुटुंबाकडून हमी घेतली होती. शासनाने स्वतःहून काही देण्यासाठी ८२ वर्षे जावी लागली.

कायद्याचा उलटा प्रवास :
औषध पुढे जात असताना कायदा मात्र बराच काळ मागे राहिला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचा तीव्र व असाध्य कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानले होते; त्यासाठी रोग किमान तीन वर्षे असण्याची अट होती. १९७६ च्या दुरुस्तीने ही अटही काढून टाकली. ज्या काळात रोग बरा होण्याची शक्यता वाढत होती, त्याच काळात विवाहबंधन तोडणे सोपे करण्यात आले. मुंबई भिक्षा प्रतिबंध कायदा, १९५९ मध्येही कुष्ठरुग्ण भिक्षेकऱ्यांना कुष्ठालयात स्थानबद्ध करण्याची तरतूद आली.

१९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात कुष्ठमुक्त व्यक्तींचा समावेश झाला आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात तो कायम राहिला. विधी आयोगाने २०१५ मधील आपल्या २५६ व्या अहवालात भेदभावमूलक तरतुदी रद्द करण्याची शिफारस केली. १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. २०१९ च्या वैयक्तिक कायदे (दुरुस्ती) अधिनियमाने हिंदू विवाह कायद्यासह पाच कायद्यांतून कुष्ठरोग हे घटस्फोटाचे किंवा विभक्त राहण्याचे कारण वगळले. औषधाने रोग पूर्ण बरा होऊ लागल्यानंतर साडेतीन दशकांहून अधिक काळ तो कायद्याच्या दृष्टीने ‘असाध्य’ राहिला, ही विसंगती नोंदविण्यासारखी आहे.

निर्मूलनाच्या घोषणेनंतर :
डिसेंबर २००५ अखेर देशपातळीवर रुग्णांचे प्रमाण दर दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी झाले आणि सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर करण्यात आले. हा निकष सांख्यिकीय होता. परंतु समाजात त्याचा अर्थ रोग संपला असा घेतला गेला. स्वतंत्र कुष्ठरोग यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाल्याने घरोघरी जाणारा प्रशिक्षित कार्यकर्ता दुर्मीळ झाला. २०१६ मध्ये घरोघरी जाऊन रुग्णशोध मोहीम पुन्हा हाती घ्यावी लागली. २०२२ मध्ये जगात सुमारे १ लाख ७४ हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि त्यांपैकी १ लाखाहून अधिक भारतातील होते. उपचार संपलेली व्यक्ती रुग्णांच्या यादीतून वगळली जाते. तिची वाकडी बोटे, बधिर पाय आणि मोडलेला संसार मात्र यादीबाहेर तसाच राहतो.

निष्कर्ष :
१. परंपरेने रुग्णाला वाटा नाकारून पोषणाचे कर्तव्य सांगितले, तर वसाहतकालीन कायद्याने कुटुंबाकडून हमी घेतली. दोन्ही व्यवस्थांत कुटुंबावर जबाबदारी होती. कुटुंबाला साहाय्य नव्हते.
२. कुष्ठालयांनी निवारा दिला, पण कुटुंबाचे विभाजन कायम ठेवले. दत्तपूर, तपोवन आणि आनंदवन यांनी श्रमाच्या आधारे प्रतिष्ठा व पर्यायी कुटुंब दिले.
३. सेवा घरापर्यंत नेण्याच्या वर्ध्याच्या पद्धतीने मूळ कुटुंब टिकण्याची शक्यता प्रथमच निर्माण केली. कलंकामुळे होणारी लपवाछपवी कमी करण्यात औषधाइतकाच घरी येणाऱ्या कार्यकर्त्याचा वाटा होता.
४. कायद्यातील बदल वैद्यकीय प्रगतीच्या पुष्कळ मागून आले. त्यामुळे बरे झालेल्या अनेकांना आपले हक्क हयातीत बजावता आले नाहीत.

१८९० पासून २०१९ पर्यंतच्या या वाटचालीत रुग्णाला आधार देणाऱ्या संस्था महाराष्ट्रात निर्माण झाल्या, ही अभिमानाची बाब आहे. परंतु रुग्णाला संस्थेची गरजच भासू नये इतके बळ त्याच्या घराला देणारी व्यवस्था मात्र अद्याप अपुरी आहे. अपंगत्व, मनोविकार किंवा अन्य दीर्घ आजारांनी ग्रासलेल्या कुटुंबांसाठी आज धोरण आखताना कुष्ठकार्याच्या इतिहासातील हा धडा विचारात घेणे गरजेचे आहे. कुटुंबाकडून काय अपेक्षा आहे हे सांगणारे कायदे पुष्कळ झाले. त्या अपेक्षा पूर्ण करण्यासाठी कुटुंबाला काय दिले, याचा हिशेब यापुढे मांडला गेला पाहिजे.